पहिला इळा

ज्यानं आयुष्यात कधी हातानं कुंदा खणला नाही, त्यानं माझ्यापुढं शेतीच्या गप्पा मारू नयेत. माझा नातू मारतो. हैदराबादेत पाचव्या मजल्यावर राहतो आणि मोबाइलवर मला दाखवतो, आजी, बघ, कुंडीत भोपळा लावलाय. मी म्हणते, लाव बापा, लाव. कुंडीत कुंदा नसतो, कुंडीवर काकाचा डोळा नसतो, आणि कुंडीची पाहणी करायला पटवारी येत नाही. तो हसतो, त्याला वाटतं म्हातारी गंमत करून राह्यली. मी अजिबात गंमत करत नाही. ऐंशी उलटली, गुडघे गेले, वरचे दात गेले, पण नाल्याकाठच्या त्या तुकड्याची गोष्ट निघाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून ही वही घेऊन बसले आहे. ज्यांना ऐकवायचं होतं ते सगळे मेले, तेव्हा आता कागदालाच ऐकवते.

आमचं गाव जैनथच्या बाजूचं, पैनगंगेच्या अलीकडचं. नदीपलीकडं वऱ्हाड, तिथं माझा मामा. अलीकडं निजामाचं राज्य, तिथं आम्ही. आजोबा गेल्यावर बाबा आणि मारोतीकाका, या दोघा भावांत तोंडी वाटणी झाली. काकाच्या वाट्याला गावालगतची काळी, कापूस पिकवणारी जमीन. बाबांच्या वाट्याला नाल्याकाठचा तीन एकरांचा तुकडा. कागदावर दोन्ही आजोबांच्याच नावानं राहिलं. घरातल्या घरात कोण कागद करतो? त्या तुकड्यात कुंदा माजला होता. कुंदा म्हणजे गवत, पण त्याची मुळं कोपरभर खाली जातात, पांढरी, गाठीगाठीची, आणि बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पुन्हा वर येतो. काका त्या तुकड्याला गाढवं लोळायची जागा म्हणायचा. त्यानं स्वतःच्या तोंडानं हे म्हटलेलं मी ऐकलं आहे, एकदा नाही, शंभरदा. हे लक्षात ठेवा.

मग बाबा गेले, साप चावून. वर्ष उलटतं न उलटतं तोच लुटालूट-जाळपोळीची धामधूम सुरू झाली. गावोगावची माणसं पोरंबाळं काखेला मारून नदी ओलांडू लागली. मायनं मला हाताशी धरलं, माझा अडीच वर्षांचा भाऊ नामा याला कमरेवर घेतलं आणि आम्ही मामाकडं गेलो. परत आलो तेव्हा निजामाचं राज्य संपलं होतं, चावडीवर नवा झेंडा लागला होता. पटवारी मात्र तोच, टोपी तेवढी बदललेली. गेलो तेव्हा आम्ही तिघं होतो आणि आलो तेव्हा दोघी. ते कसं, ते पुढं सांगते. आत्ता सांगितलं तर हात थांबेल.

काकानं आम्हाला मागची पडवी दिली. दिली म्हणजे उपकार केले. पहाटे जात्यावर माय, शेणाला माय, कापूस वेचायला माय, आणि भाकरी थापताना काकू मागं उभी राहून पिठाच्या गोळ्याकडं बघायची. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. काकाच्या बैलांच्या घुंगरमाळा, काकूच्या पाटल्या, आणि दोन्हींच्या मध्ये माझ्या मायचं काहीच न वाजणं. तिच्या अंगावर वाजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एका उन्हाळ्यात, भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती काकाला म्हणाली, "भावजी, मी नाल्याचा तुकडा साफ करतो म्हंतो." काका इतका हसला की त्याला ठसका लागला. "जा ना वयनी, जा. कुंदा खाऊन पाहा कसा लागते." काकूही हसली. मी बारा वर्षांची होते, माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, आणि तो त्याच्या डोक्यात घालावा असं मला फार वाटलं. घातला नाही. पुढं अनेकदा वाटलं, तेव्हाही घातला नाही. ही माझी चूक झाली.

चैत्र-वैशाख दोन्ही महिने आम्ही मायलेकींनी तो तुकडा खणला. माय सब्बल मारायची, मी ढेकूळ फोडून मुळं वेचायची. गाठ सापडली की तिच्या मागं मागं हात घालत जायचं, तुटू द्यायची नाही. मी घाई करायची आणि मूळ तुटायचं. मग माय काही बोलायची नाही, सब्बल घेऊन पुन्हा तिथंच खणायची, आणि तिच्या न बोलण्याची मला शिवीपेक्षा जास्त चीड यायची. वेचलेला कुंदा उन्हात वाळवून बांधावर जाळायचा. त्याचा धूर कडू, घशाला चिकटणारा. माझ्या तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. बाजूच्या शेतातले गणपतआबा बांधावर येऊन उभे राहायचे. म्हातारा भला माणूस. त्यांनी आम्हाला बाभळीच्या काट्या तोडून दिल्या, कुंपण कसं आवळायचं ते दाखवलं, मांडवाला बांबू दिले. "यमुने, अर्धा तुकडा पुरे झाला वं यंदा," ते मायला म्हणायचे. माय म्हणायची, "आबा, अर्ध्यात ठेवला तं तिकडचा इकडं येते." तिनं सगळा तुकडा खणला, तिन्ही एकर. मी होते, मी पाहिलं आहे.

मग आळी केली. हातभर रुंद, हातभर खोल खड्डे, पाच-पाच पावलांवर. आमच्याकडं लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. त्याला पसरायला जागा लागते. खड्ड्यात कुजलेलं शेणखत, वर चुलीची राख, वर नाल्यातला गाळ. बी गणपतआबांनी दिलं, राखेत ठेवलेलं. एका आळ्यात चार बिया, उगवल्यावर दोन ठेवायच्या आणि दोन उपटायच्या. उपटायचं काम माय मला द्यायची. तिच्या हातून व्हायचं नाही. कडेनं मांडवावर दोडकी आणि कारली, मधल्या पट्टीत वांगी, मिरची, गवार, कुंपणाला वाल. पावसानं ओढ दिली की नाल्याच्या वाळूत खड्डा करून झिऱ्याचं पाणी घागरीनं आणायचं. त्या घागरीनं माझ्या डोक्याला पडलेला खळगा अजून बोटाला लागतो.

रागात असले तरी खोटं लिहिणार नाही. सुखही तिथंच होतं. कोहळ्याची फुलं सकाळी सकाळी उघडतात, आणि माय मला त्या वेळी घेऊन जायची. नराचं फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागं सारायच्या आणि मादीच्या फुलात हलकेच फिरवायचं. मादीच्या फुलाखाली सुपारीएवढं कोहळं आधीपासूनच असतं. चार दिवसांनी ते लिंबाएवढं झालं की मी ओरडायची, "माय, पाह्य, थे पाह्य!" आणि माय झटकन माझं बोट धरून मुडपायची. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवलं की ते कुजतं, असं आमच्याकडं मानतात. दाखवायचं तर मुडपलेल्या बोटानं. उरलेली नरफुलं बेसनात घालून माय त्यांची भाजी करायची. ज्वारीची भाकरी, ती भाजी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. शेतातच तीन दगडांवर. काकाच्या घरातलं कुठलंच अन्न मला कधी तसं लागलं नाही.

आता कोहळ्याचा तो दुसरा नेम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आलं. आमच्याकडं आख्खं कोहळं बाई चिरत नाही. वेलीवरून तोडेल, डोक्यावरून वाहील, शिजवेल, पण आख्ख्या कोहळ्यात पहिला इळा पुरुषानं घालायचा. इळा म्हणजे विळा. आख्खं कोहळं म्हणजे घरचा लेक, आणि बाईनं ते चिरलं म्हणजे पोटचं पोर चिरलं. घरात पुरुष नसेल तर शेजारून बोलावतात. पाच-सहा वर्षांचं पोरगं असलं तरी त्याचा हात धरून इळ्याला लावून घेतात. शेतात कोहळी पिकली की पहिलं कोहळं बांधावरच्या म्हसोबापुढं पुरुषानं चिरायचं, मग पुढचा तोडा.

पुष्कळ बायका हा नेम हसत हसत पाळतात. माझी माय हसत नव्हती. मामाच्या गावी, पळून गेलो होतो तेव्हा, एके दिवशी मामा चार कोस दूर गेला होता आणि नामा भुकेनं रडत होता. घरात एक कोहळं होतं, दुसरं काही नव्हतं. शेजारी-पाजारी कुणी पुरुष नव्हता, सगळे पळापळीत. मायनं दार ओढून घेतलं आणि ते कोहळं स्वतः चिरलं. आम्ही खाल्लं. गोड होतं, मला आठवतं. आठव्या दिवशी नामा गोवरानं गेला. त्या गावात त्या महिन्यात गोवरानं पुष्कळ पोरं गेली, ज्यांच्या आयांनी कोहळं चिरलं नव्हतं त्यांचीही गेली. हे मी मायला पुढं हजार वेळा सांगितलं. तिनं एकदाही वाद घातला नाही, आणि एकदाही ऐकलं नाही. काकाच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मायनंच पहिल्या रात्री काकूच्या गळ्यात पडून सांगितलं होतं. काय दुर्बुद्धी झाली आणि त्या बाईला सांगितलं!

पहिल्या साली दसऱ्यानंतर कोहळी पिवळी झाली, देठ वाळले. गणपतआबा बाजूलाच होते, त्यांच्या हातूनही काम झालं असतं. पण मायनं विचार केला, घरचा पुरुष असताना परक्याला काऊन? दीर आहे, मान त्याचा. ती काकाच्या दारात कुंकू-तांदूळ घेऊन गेली आणि बोलावून आली. काका धुतलेलं धोतर नेसून आला, म्हसोबापुढं कोहळं चिरलं, अर्धं घरी घेऊन गेला. वर म्हणाला, "वयनी, कुंद्यात सोनं काढलं तुमी." मायच्या तोंडावर त्या दिवशी हसू आलं. त्या संध्याकाळी तिनं गूळ घालून कोहळ्याची बोंडं तळली, आणि मी मोजून चौदा खाल्ली. उरलेली कोहळी डोक्यावरून जैनथच्या बाजारात नेली. तिथं तेलुगू बाया "गुम्मडी, गुम्मडी" करत यायच्या, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि घेऊन जायच्या. आम्ही पडवी सोडून शेतातच कुडाची झोपडी घातली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या साली माय पुन्हा कुंकू-तांदूळ घेऊन गेली. काका म्हणाला, "सोमवारी येतो. सोमवार चांगला हाय." सोमवारी तो आला, आणि त्याच्या मागोमाग, जसा काही सहज वाटेनं चालला होता असा, पटवारी आला. काखेत दफ्तराचा बस्ता, मागं घोडी. त्या साली सरकारनं ठरवलं होतं की कोणतं शेत खरोखर कोण कसतो ते शेतावर जाऊन पाहायचं आणि लिहायचं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. काकाला ठाऊक होतं. पटवारी पळसाखाली बसला. काकानं धोतराचा सोगा खोचला, आमचा इळा हातात घेतला आणि आमच्या कोहळ्यात घातला. पटवाऱ्यानं ते पाहिलं आणि उजवीकडून डावीकडं काहीतरी लिहिलं. उर्दू होतं, आम्हा दोघींना काय कळणार. मायला वाटलं, सरकारचा माणूस दारी आला. तिनं वेलीवरची दोन चांगली कोहळी निवडून त्याला दिली, आणि ती त्याच्या घोडीपर्यंत मी वाहून नेली. मी! ह्या हातांनी! हे लिहिताना पेन मोडावंसं वाटतं.

मग राज्यांची पुन्हा वाटणी झाली. नदीपलीकडं मामा मुंबई राज्यात गेला, अलीकडं आम्ही आंध्रात. आमची भाषा तीच, बाजार तोच, कुणी आम्हाला विचारलं नाही. शाळेत उर्दूच्या जागी तेलुगू आलं. जुन्या उर्दू पाहण्या तेलुगूत उतरवून घेतल्या, आणि एक दिवस दवंडी पिटली की चावडीवर यादी वाचतील, कुणाची हरकत असेल त्यानं सांगावं. बायका चावडीवर जात नसत. माय गेली, मागं भिंतीला टेकून उभी राहिली, शेजारी मी. एक नवा कारकून भराभरा वाचत होता. तेलुगू मला जेमतेम येत होतं, पण नाव कुठल्याही भाषेत नावच असतं. नाल्याकाठचा तुकडा आला, तीन एकर, आणि काश्तकार, म्हणजे कसणारा, म्हणून त्यानं वाचलं, मारोती. माय तशीच उभी होती. तिला वाटलं, कारकुनानं काकाची काळी जमीन वाचून दाखवली. मी तिच्या पदराला झटका दिला. "माय, आपलं शेत त्याच्या नावानं लागलं." तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग हळूच विचारलं, "मंग आपण कोन?"

मी घरी थांबले नाही, तडक काकाच्या अंगणात गेले. तो बाजेवर बसून सुपारी कातरत होता. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, नातसुना वाचतील. तो शांत. त्याच्या शांतपणानं माझं डोकं जास्त फिरलं. "काऊन बोंबलतं व पोट्टे?" तो म्हणाला. "मी आलतो का आपल्या मनानं? तुह्या मायनं कुंकू-तांदूळ घेऊन बोलावलं मले. दरसाली बोलावलं. बाईच्या नावानं कुठी शेत असते? मी हाय ना तुमाले पाहाले." आणि आतून काकू म्हणाली, "लगन करून देऊ तुहं चांगलं." तीन एकर घेऊन माझं लग्न करून देणार होते! मी अंगणातली तुळस सोडून बाकी हाताला लागेल ते उपटलं आणि आले.

शाळेच्या मास्तरांनी अर्ज लिहून दिला, मायनं अंगठा लावला. मी कितीदा म्हटलं, यंदा त्याला बोलावू नको. तिनं बोलावलं नाही. पण कोहळी पिवळी होऊन पडली तरी तिनं तोडा सुरूही केला नाही. गणपतआबा तेवढ्यात तापानं अंथरुणावर होते. अशात तालुक्याचे नवे साहेब चौकशीला आले, थेट शेतावर. समुद्राकडचा माणूस, तेलुगू बोलणारा, आमच्याशी मोडक्या हिंदीत. त्याच पळसाखाली बसले. पटवारी आला, काका आला, गावातले दहा-पंधरा पुरुष आले. गणपतआबाही घोंगडी पांघरून, काठी टेकत आले. मला धीर आला. म्हटलं, आता आबा सांगतील.

साहेबांनी पटवाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, हुजूर, मी डोळ्यांनी पाहिलं, मारोती कोहळं चिरून राह्यला होता. साहेबांनी गावाला विचारलं, इथं पिकाला पहिला इळा कोण लावतो? आणि सगळ्यांनी खरं सांगितलं. माझा संताप तुम्हाला कळतो का? कुणी एक शब्द खोटा बोललं नाही. आबांना नाव घेऊन विचारलं, तर ते म्हणाले, "पहिला इळा मारोतीच लावते, साहेब." विचारलं तेवढंच सांगितलं. कुंदा कुणी खणला, घागरी कुणी वाहिल्या, ते साहेबांनी विचारलं नाही आणि आबांनी सांगितलं नाही. त्यांचे डोळे तापानं लाल होते, मला कळत होतं. पण ते मरेपर्यंत मी त्यांना माफ केलं नाही.

साहेब मायकडं वळले. "खेत तुम्हारा है तो उसको क्यों बुलाया?" माय पदर धरून खाली बघत होती. इतक्या पुरुषांपुढं ती काय सांगणार होती? दार ओढून घेतलेलं, नामाची भूक, आठवा दिवस? मग मीच ओरडले, "हमारे में औरत कोहला नहीं काटती, साहेब! इसलिए बुलाया! बाकी सब मायनं केलं!" साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, हमारे घर में भी औरत नहीं काटती. म्हणजे त्याला माहीत होतं! माहीत असून तो म्हणाला, "लेकिन मैं क्या लिखूं? पटवारी ने जो देखा, वो लिखा. मैं भी जो देखूंगा, वही लिखूंगा."

तेव्हा काका उठला. आळ्यातलं एक मोठं कोहळं त्यानं देठापासून तोडून आणलं, मायच्या पायापुढं ठेवलं, इळा काढून तिच्यापुढं धरला आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेत तुमचं असंन तं लावा ना वयनी इळा. लावा. काऊन? कशाचं भेव हाय?" त्याला माहीत होतं कशाचं भेव आहे. त्या घरात एकूण एकाला माहीत होतं. म्हणून तर तो हसत होता.

माय कोहळ्याकडं बघत राहिली. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि लेखणीचं टोपण काढलं. माझ्या डोळ्यांपुढं तीन एकर होते, फोड होते, जळत्या कुंद्याचा धूर होता, काकूची "लगन करून देऊ" होती. मी किंचाळले, "काप ना माय! काप! पाह्यतं काय? काप!"

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग काकाच्या हातातून इळा घेतला. खाली बसली, कोहळं मांडीशी ओढलं, पदरानं त्याच्यावरची माती पुसली. सगळी पुसली, देठापाशीसुद्धा. आणि इळा घातला. जून झालेलं कोहळं, एका दमात चिरलं जात नाही. तिनं इळा काढून तीनदा घातला. दोन भाग झाले, आतून केशरी, बियांनी भरलेले. साहेबानं लिहिलं. पटवाऱ्याकडून सही घेतली. काका थुंकून निघून गेला. गणपतआबा तिथंच खाली बसले.

मी नाचायचीच बाकी होते. झोपडीकडं येताना माझं तोंड थांबत नव्हतं, त्याचं तोंड पाह्यलं का, कसा थुंकला, आता त्याला बांधावर पाय ठेवू देऊ नको. माय नाल्यात उतरली आणि हात धुऊ लागली. वाळू घेऊन घासत होती, नखं, बोटं, मनगट, पुन्हा नखं. मी वर उभी राहून बोलतच होते. बराच वेळ झाल्यावर मी म्हटलं, "निंघ ना माय, झाले की हात साफ." ती वर न बघता म्हणाली, "दुसऱ्यांदा मारलं मी त्याले, गिरजे." आणि मग, रागानं नाही, नुसतं सांगावं तसं, "तू म्हणली म्हणून मारलं."

शेत अजून आमचंच आहे. आधी मायच्या नावानं होतं, तिच्यामागं माझ्या. त्या दिवसानंतर माय वीस वर्षं जगली, दरसाली कोहळी लावली, दरसाली पहिला इळा स्वतः घातला, एकाही पुरुषाला बोलावलं नाही. खाल्लं मात्र एकदाही नाही. बोंडं तळून माझ्या पानात वाढायची आणि उठून जायची. काका मेला तेव्हा मी रडले नाही, पटवारी मेल्याचं ऐकलं तेव्हा गूळ खाल्ला. त्या साहेबाचं काय झालं ठाऊक नाही. जिथं असेल तिथं त्यालाही माझा राग पोचो. इतकी वर्षं मी त्यांच्यावर चिडून आहे, आणि मरेपर्यंत चिडून राहणार आहे. पण ते "काप" त्यांच्यातलं कुणी म्हटलं नव्हतं. सूनबाई शेतातलं कोहळं घेऊन ओट्यापाशी बसते आणि विचारते, "आत्या, कापू ना?" मी नुसती मान हलवते आणि अंगणात जाऊन बसते.